गजराबाईंचे चर

सह्याद्री बंद करायचा असेल तर डावीकडची खुंटी शून्यावर आणायची. दर वर्षी पहिल्याच तासाला मी हे करून दाखवते, कारण बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या पोरांना मोबाइल खाली ठेवायला लावणारं दुसरं काहीही मला अजून सापडलेलं नाही.

आमच्या भूगोलाच्या खोलीत मधोमध पलंगाएवढं एक टेबल आहे. त्याला कॉलेजात सगळे 'पाट' म्हणतात. वरच्या रबरी कापडाखाली हजारो बारीक खिळे असतात, ते मोटरने वरखाली होतात आणि खालून रंग उमटतात. संगणक आकडे सोडतो आणि कापडावर डोंगर उभा राहतो. त्याच्या धारेवरून बोट फिरवता येतं, दरीत मूठ घालता येते. कडेला चार खुंट्या आहेत. जमीन किती वेगाने वर उचलली जाते ती पहिली, पाऊस दुसरी, खडकाचा टणकपणा तिसरी आणि काळ चौथी.

उचल शून्य केली आणि काळ सोडला की नद्या मागे मागे खात जातात, कडे सरकतात, धारा बोथट होतात आणि शेवटी कोकणापासून देशापर्यंत एक कंटाळवाणं पठार उरतं. मग मी उलट करते. पाऊस शून्य, नुसती उचल. त्यातूनही डोंगर होत नाही, होतो तो एक ठोकळा. ना दरी, ना सुळका, ना खिंड. दोन्ही चालू ठेवल्या तर मात्र काही वेळाने गंमत होते. जेवढं खालून वर येतं तेवढंच वरून झिजून जातं आणि डोंगराची उंची जिथल्या तिथे राहते. डोंगर तोच दिसतो, पण त्यातला दगड बदललेला असतो. शिवाय झिजण्यामुळेच तो वर येत राहतो. नावेतून पोती उतरवली की नाव पाण्यात वर येते, तसंच वरचा भार नदीने वाहून नेला की खालची जमीन सावकाश उचलली जाते. हे पोरांना पटायला अर्धा तास लागतो. कडे कोसळतात तेव्हा कापडावर लाल ठिपके चमकतात, ते मात्र त्यांना लगेच आवडतात. एखादा मोठा ठिपका आला की टाळ्या पडतात, आणि मीही कधी त्यांना अडवलं नव्हतं. दरड म्हणजे डोंगराची चूक नव्हे, त्याचं रोजचं काम आहे, असं मी सांगत असे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळत असे.

त्या वर्षी पाटाची नवी आवृत्ती आली. आधी काळाची सगळ्यात लहान पायरी शंभर वर्षांची होती, आता ती एका दिवसाची झाली. उपग्रहांनी तीस वर्षं मोजलेल्या उंच्या, दर महिन्याची ड्रोनची मोजणी आणि गावोगावचे पर्जन्यमापक पाटाने पोटात घेतले होते, आणि मातीत मुरलेलं पाणी कुठून कुठे जातं याचाही हिशेब तो करू लागला होता. बनवणाऱ्यांचा हेतू साधा होता. लाखो वर्षांचा बदल हा दिवसादिवसांच्या बदलांचीच बेरीज असते, हे मुलांना दिसावं. उघडताना पडद्यावर 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' असं येत असे, आणि ते मी कधी वाचलं नव्हतं.

मी वर्गाला प्रकल्प दिला की प्रत्येकाने आपापलं गाव लावायचं. दुसऱ्या वर्षाची अल्फिया मुलाणी माझ्या मदतीला होती. ही मुलगी हुशार आहे, पण तास संपायला आला की हमखास प्रश्न विचारते आणि माझी चिडचिड होते. तशीच ती त्या दिवशीही म्हणाली, "मॅडम, तुमचं कारवट लावा की."

कारवट म्हणजे माझं सासर. वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, मधे तीव्र उतार, उताराच्या पायथ्याशी खालची आळी आणि आळीत आमचं घर. मी सड्याच्या पलीकडून रोज स्कूटरने कॉलेजला येते. अल्फियाने एप्रिलची मोजणी घातली, गेल्या काही वर्षांसारखा झोडपणारा पाऊस घातला आणि दिवस सोडले. जून गेला. जुलैच्या मध्यावर उतारावर एक लाल रेघ उमटली, ती रुंदावली आणि खालची आळी कापडात गडप झाली. वर्गाने सवयीने टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, परत लाव. दहा वेळा लावलं, पावसाची शिंपड दर वेळी थोडी बदलून. सात वेळा आळी गेली.

"मॅडम, या रेघा कसल्या आहेत?" अल्फियाने उतारावर आडव्या गेलेल्या बारीक खोबणींवर बोट ठेवलं. "या पुसून बघू?" तिने पुसल्या. त्यानंतर दहाही वेळा डोंगर जागेवर राहिला.

त्या रेघा म्हणजे माझ्या सासूबाईंचे चर होते.

चरांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पाऊस इतका की पर्जन्यमापक बदलावे लागतात, आणि तरी होळीनंतर झरे आटायचे, कारण पडलेलं सगळं पाणी उतारावरून धावत ओढ्याला जायचं. चैत्रात बायका खालच्या खोऱ्यातल्या झऱ्यावरून हंडे वाहायच्या. माझ्या सासूबाई, गजराबाई चाळके, सरपंच झाल्या तेव्हा दुष्काळी भागात लोकांनी डोंगरावर समतल चर खणून पाणी मुरवलं होतं, त्याचे व्हिडिओ घरोघरी फिरत होते. आत्यांनी, सासूबाईंना मी आत्या म्हणते, ते पाहिले, कुदळ घेतली आणि एकट्या उतारावर गेल्या. मग गाव गेलं. दोन उन्हाळ्यांत उतारभर चर झाले आणि गावातला झरा मे अखेरपर्यंत वाहू लागला. आत्यांना पुरस्कार मिळाले, त्यांचा फोटो शाळेत लागला. पण माझ्या मते खरा पुरस्कार वेगळाच होता. कारवटच्या पोरींना बाहेरगावची स्थळं यायची तशी कारवटच्या पोरांनाही येऊ लागली, कारण तिथे हंडा नाही हे सगळ्यांना कळलं.

तेव्हापासून गावात एक रीत पडली. नवी नवरी माप ओलांडून घरात आली की आठवड्याच्या आत तिला चरावर न्यायचं, आणि तिने घराच्या वाट्याला वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढा, चर स्वतः खणून जोडायचा. मीही खणला आहे. हिरवा चुडा घालून कुदळ मारणं किती अवघड असतं हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. गावातली प्रत्येक बाई आपल्या तुकड्याला 'माझा चर' म्हणते आणि दर उन्हाळ्यात त्यातला गाळ काढते.

चूक कुणाची म्हणायची? कोरड्या मुलखात तो चर वरदानच आहे. उतारावरची माती सदा खाली यायला बघत असते आणि कणाकणांमधलं घर्षण तिला धरून ठेवतं. पण मातीच्या पोकळ्यांमध्ये पाणी भरलं की ते कणांना एकमेकांपासून उचलू लागतं आणि पकड सुटते. आमच्या उताराखाली जांभ्यातून झिजलेल्या चिकणमातीचा थर आहे. वर्षानुवर्षं चरांनी त्या थराला पाणी पाजलं होतं. पूर्वी पाऊस रिमझिम पडायचा तेव्हा ते खपून गेलं. आता महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडू लागला होता.

माझे यजमान रणजीत सड्यावरच्या पवनचक्क्यांची देखभाल करतात. घरात आवाज चढला की त्यांना हमखास एखाद्या पात्याची काळजी वाटते आणि ते वर निघून जातात. मी त्यांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आईला तू सांगणार हायस?" म्हणजे ते सांगणार नव्हते हे उघड होतं. त्यांचं म्हणणं पडलं की सरकारी कचेरीतूनच काही आलं तर बरं, घरात वाईटपणा नको. म्हणून मी आधी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, पडद्यावरचं 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मान्यताप्राप्त संस्थेची पाहणी दिवाळीनंतर लावतो म्हणाले. पावसाला दीड महिना उरला होता. मला जेवण जाईना, एका जागी बसवेना. घरात भाजी चिरताना मी खिडकीतून उताराकडे बघायची आणि बोट कापून घ्यायची.

शेवटी एका शनिवारी मी आत्यांना कॉलेजात घेऊन आले. सत्तरी ओलांडलेल्या, पण पायऱ्या माझ्याआधी चढल्या. पाटावर कारवट उभं राहिलं तशा त्या हरखल्या. सड्यावरून तळवा फिरवला, म्हसोबाची घळ ओळखली, ओढ्याच्या वळणात करंगळी घालून पाहिली.

"ह्यी आपली आळी व्हय?" त्या म्हणाल्या. "लईच बारीक केलीस की गं मला."

मग मी दिवस सोडले. लाल रेघ आली, आळी गेली. आत्यांनी हात मागे घेतला नाही. परत दाखव म्हणाल्या. परत गेली. तिसऱ्या वेळी डोंगर टिकला, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ह्या वक्ताला न्हाई पडला."

"दहातल्या सात वेळा पडतो, आत्या."

"आन तीनदा उभा ऱ्हातो. मग माझा डोंगर त्या तिनातला." त्यांनी ओढ्याच्या वळणावर परत करंगळी ठेवली. "ह्यात हंडा दिसतो का गं कुठं? चैताचा, डोक्यावरचा? दिसत आसंल तर दाव. न्हाईतर ह्ये टेबल माज्या काय कामाचं?"

मला राग आला. एवढे दिवस दाबलेलं सगळंच त्या रागात बाहेर आलं.

"हंडा दिसत नाही. आळीत झोपलेली माणसंसुद्धा दिसत नाहीत. पण ती असतात. तुमच्या चराखाली असतात."

आत्यांनी पदर खोचला आणि त्या जिना उतरल्या. स्कूटरवर माझ्यामागे बसल्या खऱ्या, पण माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. घरी आल्यापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढून ठेवायच्या, हाक मारायच्या नाहीत. अबोला सोसण्याची माझी जातकुळी नव्हे. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

म्हणून मी ग्रामसभेत गेले, आणि ही माझी मोठी घाई झाली. देवळात पडदा लावून मी पाटाचं चित्र दाखवलं, आकडे सांगितले, चर बुजवा म्हणाले. आत्या पहिल्या रांगेत होत्या. मधेच उठून, कुणालाही काही न बोलता त्या निघून गेल्या, आणि सभेचा रंगच बदलला. आत्यांबरोबर पहिल्या दिवसापासून खणणाऱ्या, आमच्या शेजारच्या शालनकाकू उभ्या राहिल्या. "सासूचं नाव पुसायला सुनंनं डोंगुर पाडला," त्या म्हणाल्या आणि लोक हसले. पण सगळे हसले नाहीत. काही जण पडद्यावरच्या लाल रेघेकडेच बघत होते.

पुढचा आठवडा गावात दोन तट होते, सुनेची माणसं आणि सासूची माणसं. सुनेच्या माणसांनी रविवारी आपापल्या वाट्याचे चर बुजवले. सासूच्या माणसांनी मुद्दाम त्याच दिवशी आपल्या वाट्यातला गाळ काढून ते अधिक खोल केले. घरटी वाटे असल्यामुळे उतारावर दहा हात चर, मग बुजवलेली माती, मग परत चर, असं दिसू लागलं. मला वाटलं, निम्मं तरी झालं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मे महिन्याची मोजणी आली तशी अल्फियाने ती पाटात घातली आणि मला फोन करून कॉलेजात बोलावून घेतलं. तिचा चेहरा उतरला होता. आता दहाच्या दहा वेळा डोंगर पडत होता, आणि तोही जूनमध्येच. आधी पाणी सगळ्या उतारावर सारखं मुरत होतं. आता बुजवलेल्या भरावांनी त्याला जागोजाग बांध घातले होते, उरलेल्या तुकड्यांमध्ये ते तुंबत होतं आणि भुसभुशीत भराव ते पिऊन जड होत होता. मी लोकांना वाचवायला निघाले होते आणि उरलेले तीनही घालवून बसले होते.

बराच वेळ आम्ही दोघी काहीबाही करून पाहत होतो. सगळेच चर बुजवले तरी पहिल्या पावसाळ्यात ताजी माती धरत नव्हती. मग अल्फिया म्हणाली, "बुजवायचे कशाला, मॅडम? त्यांना तोंड पाडू या." चर समतल असतात म्हणून पाणी थांबतं. त्यांच्या तळाला ओढ्याकडे जरासा ढाळ दिला आणि टोक ओढ्यात फोडलं तर तेच चर पाणी बाहेर काढतील. आम्ही ते करून पाहिलं. दहातल्या एकाही वेळी डोंगर हलला नाही. मात्र झऱ्याचा हिरवा ठिपका पुढच्या होळीला विझत होता. आणि एकाही घराने आपला वाटा तसाच ठेवला तर मागचं सगळं पाणी तिथे अडून तीच लाल रेघ परत येत होती. म्हणजे सगळ्या गावाने मिळून आपल्या हाताने आणलेलं पाणी आपल्या हाताने सोडायचं होतं, आणि गावाला हे सांगू शकेल असं माणूस एकच होतं.

आत्या घरामागच्या परड्यात शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचत होत्या. मी समोर जाऊन बसले.

"आत्या, माझ्यामुळे बिघडलंय," मी म्हटलं. "आधी दहातल्या सात वेळा पडत होता. अर्धे चर बुजवल्यापासून दहाच्या दहा वेळा पडतोय."

त्यांचा हात थांबला. इतक्या दिवसांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी आता तिनातबी न्हाई."

"नाही." मग मी तोंड पाडायचं सांगितलं, आणि झऱ्याचंही सांगितलं. होळीला आटेल, पूर्वीसारखा. लपवलं काहीच नाही.

"तुला खातरी हाय?"

मी टेबलाचे आकडे सांगणार होते. पण त्या आकड्यांनी या बाईशी माझं एकदा काय झालं होतं ते मला आठवलं, आणि खरं तर मला खात्री नव्हतीच. "नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटते, आत्या. ढग गडगडला की मी जागी होते. तुम्ही आत झोपलेल्या असता आणि मी दाराशी उभी राहून डोंगराकडे बघते. एवढंच खरं सांगता येतंय."

आत्यांनी शेणीची कड बोटाने सारखी केली. "टेबलापाशी आसं म्हणाली न्हाईस," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुदळ घेऊन उतारावर गेल्या. ओढ्यालगतचा पहिला चर त्यांचा होता, कारण सुरुवात त्यांनीच केली होती. तिथे वाकून त्यांनी चराची कड फोडायला घेतली. मी आणि रणजीत मागून गेलो. रणजीतनी त्या दिवशी पवनचक्कीचं नावही काढलं नाही, आईच्या हातातून कुदळ काढून घेण्याचा प्रयत्न केला आणि बोलणी खाल्ली. आत्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं, सभा घेतली नव्हती. तरी ऊन वर येईपर्यंत बायका येऊ लागल्या. ज्यांनी गाळ काढला होता त्या गुपचूप ढाळ द्यायला लागल्या. ज्यांनी बुजवला होता त्यांना परत उकरावं लागलं आणि त्या मला ऐकू येईल अशा बेताने बडबडत होत्या. त्यांचा मुद्दा बरोबर होता, म्हणून मी ऐकून घेतलं. माझ्या वाट्याचा भराव उकरताना माझे हात फुटले.

शालनकाकू शेवटपर्यंत हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांचा वाटा बरोबर मधोमध होता. आत्या तिथपर्यंत पोचल्या आणि नुसत्या खाली बसल्या. त्यांचा दम लागलेला पाहून शालनकाकूंनी स्वतःच कुदळ घेतली. "तुमच्यासाठी करतीया, सुनंसाठी न्हाई," त्या म्हणाल्या.

जुलैमध्ये तो पाऊस आला. इशारा मिळाला तशी आत्यांनी खालची आळी रिकामी करायला लावली आणि सगळे आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये जाऊन राहिले, पोराबाळांसह, कोंबड्यांसह. सड्यावरून रणजीतचा फोन यायचा की चरांतून पाणी धो धो ओढ्याला चाललंय, ओढा लाल झालाय. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. पाऊस ओसरला, आम्ही परत गेलो. डोंगर उभा होता. एक दगडसुद्धा हललेला नव्हता.

मला रडू आलं, आनंदाने. तो आनंद फार टिकला नाही. बंद घरांमध्ये पाणी गळून शालनकाकूंची तांदळाची कणगी भिजली होती, कुणाच्या गाद्या कुजल्या होत्या, कुणाची शेळी बेपत्ता होती. लोक डोंगराकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी अल्फियाला घेऊन पाटावर जुने चर परत उभे केले आणि प्रत्यक्ष पडलेला पाऊस मिलीमीटरच्या हिशेबाने घातला. दहाच्या दहा वेळा आळी गेली. हे मी कुणाला दाखवणार होते? पडलेला डोंगर सगळ्यांना दिसतो, न पडलेला कुणालाच दिसत नाही. शिवाय पाट मुळात शैक्षणिक. एखादे वेळी मलाही शंका यायची की आत्यांचं खरं असलं तर? चरांना तोंड न पाडताही आपला डोंगर उभाच राहणार असला तर? अशी शंका आली की मी परत जाऊन खुंट्या फिरवायची. अल्फिया एकदा म्हणाली की मॅडम, त्याचं उत्तर बदलणार नाही. मला ते माहीत होतं.

होळीच्या आधीच गावातला झरा आटला. टँकर कधी यायचा, कधी नाही. घरोघरचे हंडे माळ्यावरून खाली आले. नव्या सुनांनी हंडा कधी डोक्यावर घेतला नव्हता, त्यांना चुंबळ कशी करायची ते सासवा दाखवू लागल्या. खालच्या खोऱ्यातल्या झऱ्याची वाट मोडली होती, ती पायांनी परत झाली. मी कॉलेजला जायच्या आधी दोन खेपा करायची. वाटेत कुणी माझ्याशी बोलायचं नाही. माझ्यामागे मात्र बोलायच्या, आणि वाट अरुंद असल्यामुळे ते मला सगळं ऐकू यायचं.

आत्यांनी यायची गरज नव्हती. रणजीतनी सांगितलं, मी विनवलं. पण त्यांनी कळशी काढली आणि रोज एक खेप धरली.

चैत्रातल्या एका सकाळी खालच्या खोऱ्यातल्या झऱ्यावर गर्दी होती. आत्यांची कळशी भरून झाली होती, माझा हंडा भरत होता. शालनकाकू मागून आल्या, रांग बघितली आणि मोठ्याने म्हणाल्या, "डोंगुर काय पडला न्हाई बाई. पानी तेवढं गेलं. प्रोफेसरीणबाईंची किरपा."

बायका हसल्या. मी वळले. पाऊस किती पडला, दाब किती वाढला असता, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

"पडला आसता," आत्या म्हणाल्या.

शालनकाकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. "कशावरनं?"

"कशावरनं न्हाई." आत्यांनी कमरेवर घेतलेली कळशी खाली ठेवली. "चर मी खणलं. तुमास्नी मी खणाया लावलं. त्यांनी डोंगुर पडला आसता, आन खाली तू हुतीस, तुझी सून हुती, तिचं ल्येकरू हुतं. ह्ये टेबल म्हणत न्हाई, ही पोरगी म्हणत न्हाई. मी म्हणतीया. चूक माझी हुती."

हंडा भरून वाहू लागला तरी मला तो बाजूला घ्यायचं सुचलं नाही. या बाईचा फोटो शाळेत होता, गावाची एक पिढी तिच्या पाण्यावर वाढली होती, आणि जे कुणालाही कधीच सिद्ध करता आलं नसतं ते तिने चार बायकांसमोर स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मला तिचे पाय धरावेसे वाटले, पण हातात हंडा होता.

आत्या कळशी उचलायला वाकल्या. पहिल्यांदा ती उचलली गेली नाही. मी पुढे होणार तेवढ्यात शालनकाकूंनी आपला रिकामा हंडा खाली ठेवला, आत्यांची कळशी उचलली आणि त्यांच्या कमरेवर नीट बसवून दिली. आत्यांनी ती हाताने धरली आणि त्या चढ चढू लागल्या, आणि आम्ही त्यांच्या मागून निघालो.